नववी ओळ

४ जून

ती. काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितोय. पहिल्या दोन्हींत खाडाखोड झाली, आणि खाडाखोडीचं पत्र तुम्ही अर्ध्यावर सोडाल असं वाटलं. फोन करणार होतो, पण फोनवर तुम्ही विषय बदलता. कागदावर ते जरा अवघड जातं.

आमच्या दुकानात जुने व्हिडिओ गेम दुरुस्तीला येतात हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांच्या शौकिनांसाठी एक मासिक निघतं. परवा मालकांनी ते माझ्या टेबलावर टाकलं आणि म्हणाले, "बघ रे, याचं नाक आणि तुझं नाक एकाच साच्यातलं दिसतंय." फोटो तुमचा होता. खाली तुमची दोन पानी मुलाखत. 'सातवी खाण' हा खेळ एक नवी कंपनी पुन्हा बाजारात आणते आहे, जुन्यासारखीच कॅसेट, सोबत छोटी पुस्तिका, आणि पुस्तिकेत तुमचा लेख, 'खड्ड्याची गोष्ट'.

मुलाखतीत तुम्ही म्हणता, "नकाशे माझ्या मोठ्या भावाने काढले होते. बिचाऱ्याने खड्डा काढला आणि बाहेर यायची वाट काढायला विसरला! घरीही तो असाच आहे. एकदा बसला की उठत नाही."

हे मी चार वेळा वाचलं. चारही वेळा मालक शेजारी उभे राहून हसत होते. तो मोठा भाऊ म्हणजे माझे बाबा, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. तेव्हापासून तेच डोक्यात आहे.

काका, खेळ आला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. ज्या सिनेमावरून तो केला, तो सगळ्या गावाने पाहिला होता. नायक गाडलेल्या अकरा कामगारांसाठी खाणीत उतरतो आणि म्हणतो, "खाली कोणीही राहणार नाही," तेव्हा थिएटरात माणसं खुर्चीवर उभी राहायची. खेळही सिनेमा लागला त्याच दिवशी दुकानात आला. मी वर्गात सांगत सुटलो होतो की माझ्या बाबांनी आणि काकांनी केलाय. तिसऱ्या दिवशी निम्मा वर्ग चौथ्या लेव्हलच्या खड्ड्यात पडून बसला. तिथून वर येताच येत नाही, खेळ बंद करून पहिल्यापासून सुरू करावा लागतो. सातवीपर्यंत मला कोणी माझ्या नावाने हाक मारली नाही. खड्डेवाला म्हणायचे.

बाबा पुढच्या वर्षी टाइल्सच्या कारखान्यातून निवृत्त होतील. ते तिथे फरशांवरची नक्षी काढतात. जुनं तिथे कोणाला माहीत नाही. एवढंच मागतो, की लेखातून बाबांना काढा. तुमची गोष्ट तुम्ही सांगा.

पत्र पोचल्याचं तेवढं कळवा. रजिस्टर केलं आहे, तरी कळवा.

आपला,
मास्तर


१३ जून

चि. मास्तर,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पाकिटावरचं अक्षर बघून काकू म्हणाली, "वकिलाची नोटीस आली वाटतं." सहा वर्षांचा असताना तू न्हाव्याच्या पाटीवरचा उकार खडूने दुरुस्त करून आला होतास, तेव्हाच मी तुझं नाव मास्तर ठेवलं. चुकलो नाही.

अरे, किती मनाला लावून घेशील? त्या खड्ड्यासाठीच लोक ही कॅसेट शोधत फिरतात. खड्डा नसता तर आज त्या खेळाला कुत्रंही विचारत नसतं. मी मेळाव्यांना जातो, व्यासपीठावर चढतो, आणि समोरून पोरं ओरडतात, "खड्डा! खड्डा!" मी सांगतो, माणसं पोट धरून हसतात. यात दादाची बदनामी कसली? मी त्याला अमर करतोय.

तुला तेव्हाची घाई ठाऊक नाही. सिनेमाची तारीख ठरलेली आणि आमच्या हातात पाच आठवडे. दादा आलेखाच्या कागदावर नकाशा काढायचा. एका पडद्याच्या बारा ओळी, एका ओळीत सोळा चौकोन, प्रत्येक चौकोनात एक आकडा. दगड म्हणजे एक, मोकळी जागा शून्य, शिडी दोन, लाकडी पायरी तीन. तो कागद मी समोर ठेवायचा आणि आकडे मशीनमध्ये टाईप करायचे. कागदावर होतं ते मी घातलं, एक आकडा इकडचा तिकडे नाही. पायरी कागदावर नव्हती, तर मी ती माझ्या खिशातून आणणार होतो का? आणि तपासायला आता ते कागद आहेत कुठे? केव्हाच रद्दीत गेले.

लेख ३१ जुलैला छपाईला जातो. त्यांना तो फार आवडला आहे. बरं, ज्याची गोष्ट आहे त्या दादाने एकोणीस वर्षांत एकदाही तक्रार केली नाही. मग तुला का मिरच्या झोंबतात?

तब्येत सांभाळ. दिवसभर मान खाली घालून बसू नकोस.

तुझा,
काका


२ जुलै

ती. काका,

उत्तराला उशीर झाला, कारण मला आधी खात्री करायची होती. तुम्ही मला ओळखता. दाराला कुलूप लावून मी दोनदा परत येऊन ओढून बघतो. तेव्हा खाली लिहिलं आहे ते मी पाच वेळा ताडून पाहिलं आहे.

कागद रद्दीत गेले नाहीत. लहानपणी मी आईच्या फडताळातले डबे उचलून खालचे आकडे वाचायचो, ते तुमचं पत्र वाचताना आठवलं. मागच्या रविवारी घरी गेलो. बाबा केस कापायला गेले होते. मी आईला म्हटलं, फडताळात अंथरलेले कागद मला बघायचेत. तिने का म्हणून विचारलं नाही. एकेक डबा उतरवून दिला. सात कागद होते, चौथ्या लेव्हलचा मधल्या फळीवर. त्यावर तेलाच्या बरणीचा गोल डाग पडला आहे, पण आकडे सगळे वाचता येतात.

दुकानात चिप वाचायचं यंत्र आहे. माझ्याकडे तुमची जुनी कॅसेट आहे. तिच्यातले चौथ्या लेव्हलचे आकडे मी छापून काढले आणि बाबांच्या कागदाशेजारी ठेवले.

पहिली ओळ जुळते. दुसरी जुळते. अशा आठ ओळी जुळतात.

आठवी ओळ म्हणजे दोन्ही टोकांना दगड आणि मध्ये सगळी मोकळी जागा. बाबांच्या कागदावर नववी ओळ अशी आहे: १ ० ० ० ० ० ३ ३ ० ० ० ० ० ० ० १. मधले ते दोन '३' म्हणजे लाकडी पायरी. तुमच्या कॅसेटमध्ये नववी ओळ म्हणून पुन्हा आठवीच आली आहे. जशीच्या तशी. दहावीपासून परत सगळं जुळतं.

काका, तुम्ही आठवी ओळ दोनदा टाईप केलीत आणि नववी गाळलीत. पायरी कागदावर होती. ती तुमच्या बोटांतून गळली.

अजून एक. नवव्या ओळीच्या शेजारी समासात बाबांच्या हाताने पेन्सिलने लिहिलं आहे: "धाकट्या, ही पायरी विसरू नको. हिच्याशिवाय बाहेर येता येत नाही." हा मजकूर तुमच्यासाठी होता. तुम्ही तो कागद समोर ठेवून टाईप करत होता.

आणि तुम्ही मला लिहिता, एक आकडा इकडचा तिकडे नाही! तुम्ही व्यासपीठावर चढता, मुलाखती देता, त्या माणसाला बिचारा म्हणता. हसवता. काका, लाज कशी वाटली नाही?

बाबांना यातलं काही माहीत नाही. ते परत आल्यावर मी फक्त विचारलं, "बाबा, चौथी लेव्हल आठवते?" ते म्हणाले, "चहा गार होतोय." एकोणीस वर्षं त्या माणसाला वाटतंय की चूक त्याचीच होती. कारखान्यात एक फरशी काढताना ते चौकोन चार-चार वेळा मोजतात. मी पाहिलं आहे. आता मला कळलं का.

मी त्यांना सांगितलेलं नाही. तुम्ही सांगायचं. घरी जाऊन, समोर बसून. आणि मग लेखात लिहायचं.

दोन्ही कागदांच्या प्रती सोबत आहेत. नवव्या ओळीला लाल रेघ मारली आहे. मूळ कागद माझ्याकडे आहे.

मास्तर


१० जुलै

मास्तर,

आधी तोंड सांभाळ. लाज हा शब्द काकाला लिहिण्याइतका तू मोठा झालेला नाहीस. तुझं पत्र काकूने वाचलं आणि दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. कशाबद्दल रुसली होती, तेही सांगितलं नाही.

लाल रेघ मारायची गरज नव्हती. ती ओळ मला पाठ आहे.

हो. आठवी मी दोनदा घातली. दिवसाला अठरा-अठरा तास टाईप करत होतो, डोळे एका ओळीवरून पुन्हा तिच्यावरच आले. शेवटी बारा ओळी भरल्या म्हणून मशीनने तक्रार केली नाही. खेळून बघायला वेळच नव्हता, एक लेव्हल संपली की थेट पुढची. झालं एवढंच. पण तू शोध लावल्यासारखा मला सांगतोस की दादाला माहीत नाही, दादाला सांगा! अरे गाढवा, मला कोणी सांगितलं असं वाटतं तुला?

खेळ बाजारात येऊन पाचवा दिवस होता. पेट्याच्या पेट्या परत येत होत्या. साहेबांनी आम्हा दोघांना वर बोलावलं. जिन्यात दादाने मला थांबवलं. तो कागद त्याने चार घड्या करून खिशात ठेवला होता. काढला, भिंतीवर धरला, आणि नवव्या ओळीवर बोट ठेवलं. मला नोकरीला लागून चार महिने झाले होते, पक्का नव्हतो. काकूला सातवा महिना होता. दादाने कागद परत खिशात ठेवला आणि म्हणाला, "आत मी बोलेन. तू बोलायचं नाहीस. आणि यापुढे हा विषय नको, कोणाजवळही नको." माझ्याकडून शब्द घेतला आणि स्वतःही दिला. आत साहेबांनी विचारलं, "चौथीचा नकाशा कोणी काढला?" दादाने हात वर केला. "मी."

टाईप कोणी केला, हे साहेबांनी विचारलंच नाही. मीही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दादाची खुर्ची रिकामी होती.

तू म्हणशील, मग विनोद कशाला? पहिल्यांदा एकाने विचारलं तेव्हा मी घाबरून काहीतरी बोललो. तो हसला. हसणारा माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही, हे मला तेव्हा समजलं. तोच विनोद इतकी वर्षं पुरला. आता थांबलो तर लोक विचारतील, का थांबलास?

तेव्हा तू दादाच्या बाजूने माझ्यावर धावून येऊ नकोस. दादाची बाजू मीच पाळतोय.

काका


१४ जुलै

काका,

शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. बाबांची बाजू पाळण्यासाठी तुम्ही बाबांना हसता. शब्द गप्प बसण्याचा होता. विनोद करण्याचा शब्द कोणी घेतला होता तुमच्याकडून?

जिन्यात तुम्ही दोघे होता. तिसरं कोणी नव्हतं. आई नव्हती. मी नव्हतो. दोघा भावांनी भिंतीपाशी उभं राहून ठरवलं आणि आत गेलात, आणि मग जे व्हायचं ते आमच्या घरात झालं. तुमच्या धंद्यात माणसं मोजकी. बाबा जिथे जिथे गेले तिथे खड्डा त्यांच्या आधी पोचलेला असायचा. सहा वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, गाड्यांचे नंबर लिहिले. मी नववीत होतो. भाषेत वर्गात पहिला. सहामाही झाली आणि मी दप्तर खुंटीला लावलं ते लावलं. एक मुलगा कामाला लागला तर घर चालेल, असं कोणी मला म्हटलं नाही. म्हणावं लागलं नाही.

दुकानात बसलो. पहिल्या आठवड्यात माझ्या टेबलावर काय आलं सांगू? तुमची कॅसेट. गिऱ्हाईक म्हणालं, "चौथीत अडकते." मी ती उघडली, चिपचे पाय घासले, सोल्डरचा डाग दिला, सगळं करून पाहिलं. मालक म्हणाले, "अरे, ती बिघडलेली नाही. ती तशीच आहे." तेरा वर्षं झाली. अजून महिन्याला एखादं गिऱ्हाईक ती घेऊन येतं, आणि मी त्याला हेच वाक्य सांगतो. ती बिघडलेली नाही, तशीच आहे. माझ्या तोंडाने सांगतो.

बाबांनी तुम्हाला वाचवलं, ते त्यांचं मोठेपण. पण ते मोठेपण त्यांच्या एकट्याच्या अंगावर पडलं नाही. माझ्या अंगावर पडलं, आणि मला कोणी विचारलं नव्हतं. तुमची मुलगी बारावी पास झाली तेव्हा पेढे घेऊन आला होता. मी दोन खाल्ले. आनंदाने खाल्ले. त्याचाच जास्त राग येतो आता.

३१ तारखेला अजून सतरा दिवस आहेत. तुम्ही स्वतः लिहा. नाही लिहिलंत, तर कागद त्या कंपनीकडे जाईल. बाबांनाही पत्र टाकतोय, म्हणजे माझ्या पाठीमागे काही ठरवायला तुम्हाला पुन्हा जिना नको.

मास्तर


२१ जुलै

चि. बाळास
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. धाकट्याचा फोनही आला होता. रडत होता. पन्नाशीचा माणूस तू रडवलास. शाबास.

तू कागद नेलास हे मला त्याच दिवशी कळलं. फळीवर डबे ठेवताना खणखण आवाज येतो आता.

साहेबांनी विचारलं, नकाशा कोणी काढला. मी काढला होता. मी खोटं बोललो नाही आणि कोणावर उपकारही केले नाहीत. त्या दिवशी एकच जण जाणार होता. मला दुसरं काही करता येत होतं, त्याला येत नव्हतं. असं मला वाटलं. पुढे मलाही फारसं येत नाही असं दिसलं, ती गोष्ट वेगळी.

तो विनोद करतो ते मला आवडत नाही. पण तो माझा भाऊ आहे आणि विनोद माझ्यावर आहे. तुला मध्ये पडायचं कारण नाही.

शाळेचं लिहिलं आहेस. दप्तर खुंटीला लावलंस तेव्हा मी समोर बसलो होतो. मी उठून ते काढून तुझ्या हातात दिलं नाही. ते माझं चुकलं, धाकट्याचं नाही. त्याबद्दल मला बोल. इथे येऊन, तोंडावर बोल. काकाला पत्रं लिहून नको.

कागद कोणाला पाठवायचा नाही. मी शब्द दिला आहे. कागद परत पाठव. तुझ्या आईला डबे ठेवायला लागतो.

बाबा


२७ जुलै

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

कागद या पाकिटात परत पाठवतो आहे. घडी जुनी होती तीच ठेवली आहे, नवी पाडली नाही.

त्याची एक प्रत मी सकाळी नव्या कंपनीला पाठवली. सोबत पत्र नाही. काकांचं नाव नाही, आरोप नाही, लाल रेघ नाही. पाकिटामागे माझा पत्ता आणि आत चौथ्या लेव्हलचा नकाशा, समासातल्या तुमच्या दोन ओळींसकट. ज्याला वाचता येतं तो वाचेल.

तुम्ही दिलेला शब्द तुम्ही पाळा. मी कोणाला दिलेला नाही. माझ्याकडे कोणी मागितलाच नव्हता.

आणि आईचं एक राहिलं. काकांना लिहिताना मी ते मुद्दाम गाळलं होतं. मधल्या फळीवरचा कागद काढून देताना ती म्हणाली, "दर महिन्याला डबे उतरवून मी हा पुसते. तुला काय वाटलं, नक्षी आवडते म्हणून?" तिने समासातलं वाचलं होतं, बाबा. पाट्या रंगवून तुम्ही घरी यायचात, तुमच्या हातांना ती रॉकेल चोळून द्यायची, आणि तिला सगळं माहीत होतं. तुम्ही तिला सांगाल म्हणून ती थांबली होती. तुम्ही मला म्हणता, तोंडावर बोल. आमच्या घरात तोंडावर कोण बोलतं ते मला दाखवा.

पुढच्या रविवारी येतोय. बोलायला.

बाळ


९ ऑगस्ट

मास्तर,

तुझं काम झालं.

कंपनीतून बाईंचा फोन आला. पुस्तिका त्याच बघतात. वयाने तुझ्याएवढ्या असतील. म्हणाल्या, "आमच्याकडे एक कागद आलाय. यात पायरी दिसते. मग खेळात का नाही?" मी हसलो. माझ्याकडे हसायचे तीन-चार प्रकार तयार असतात. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे टाईप कोणी केलं होतं?"

साहेबांच्या खोलीत मी ज्या प्रश्नाची वाट बघत उभा होतो, तो असा एकोणीस वर्षांनी, मी दाढीचा साबण तोंडाला लावून बसलेलो असताना आला. मी म्हटलं, "मी."

त्या म्हणाल्या, "बरं. मग तसं लिहून द्या ना. छपाई चार दिवस थांबवते." आणि फोन ठेवला. बस्स. ओरडल्या नाहीत, काही नाही. बरं, तसं लिहून द्या. एवढ्याशाला मी इतकी वर्षं घाबरत होतो.

लिहून दिलं. विनोद काढला. दोन पानी लेखाचं अर्धं पान राहिलं.

म्हणून मी तुझे आभार मानीन असं समजू नकोस. दादाला फोन केला, सांगितलं. तो म्हणाला, "दिलेली वस्तू परत करायला आलास?" आणि फोन ठेवला. त्यानंतर पाच वेळा लावला, उचलत नाही. आयुष्यात त्याने माझ्यासाठी केलेली सगळ्यात मोठी गोष्ट मी त्याला परत फेकून मारली, असं त्याला वाटतं. आमच्या दोघांत ती एकच गोष्ट होती. वाईट असेल, पण आमची होती. ती तू भर बाजारात मांडलीस.

मुलीला मी स्वतः सांगितलं. ती म्हणाली, "मास्तरला हे इतकी वर्षं कोणी सांगितलं होतं का?" मी नाही म्हटलं. मग तीही उठून गेली.

काका


३० ऑगस्ट

ती. काका,
सा. न. वि. वि.

पुस्तिका दुकानात आली. नवव्या पानावर बाबांचा कागद छापला आहे, तेलाच्या डागासकट. खाली तुमचा अर्ध्या पानाचा लेख. मी वाचला. त्यात चूक नाही. लिहायचीही नाही आणि सांगायचीही नाही.

मालकांनीही वाचला. मग म्हणाले, "तेरा वर्षं मी तुझ्यासमोर त्या माणसावर हसतोय, आणि तू डाग देत बसलास? तोंड शिवलं होतं का?" मी म्हटलं, आमच्या घराण्यात शिवूनच येतं.

माझा राग गेलेला नाही. जाईल असं वाटलं होतं. रविवारी घरी गेलो तेव्हा बाबांशी तोंडावर बोललो. दोन तास. आईही बोलली. ते इथे लिहीत नाही. तुमच्यावर जेवढा आहे तेवढाच राग आता त्यांच्यावरही आहे, आणि दोन्ही मला वेगवेगळे ठेवता येत नाहीत.

पुस्तिका आईने बाबांना दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, भिंग घेतलं, नवव्या पानावर बराच वेळ घालवला आणि म्हणाले, "छापताना खालची बाजू तिरकी आली आहे." तेवढंच.

नव्या कंपनीने खड्डा तसाच ठेवला आहे. लोकांना तोच हवा, म्हणतात. मला तो नको होता. म्हणून मी दुकानातल्या दोन जुन्या कॅसेटी उघडल्या, त्यांत नव्या चिप बसवल्या आणि चौथ्या लेव्हलची नववी ओळ बाबांच्या कागदाबरहुकूम भरली. बाकी एक आकडाही बदललेला नाही. पाच वेळा ताडून पाहिलं.

एक घरी पाठवली होती. आईने काल फोनवर सांगितलं. बाबा कारखान्यातून आले, हातपाय धुतले आणि टीव्हीपुढे बसले. चौथीपर्यंत जायला त्यांना तास लागला. खड्ड्यावरच्या फळीवरून न पडता पलीकडे जाता येतं, तरी ते मुद्दाम पडले. पायरीवर उडी मारली, वर आले. परत पडले, परत वर आले. असं सहा वेळा. मग त्यांनी कॅसेट काढली, फुंकर मारून पेटीत ठेवली आणि आईला म्हणाले, "बाळाने दुसरी केली असेल तर म्हणावं, धाकट्याला पाठव."

ती सोबत आहे. त्यांनी सांगितलं म्हणून पाठवतोय. मी पाठवली नसती.

मास्तर